उंबऱ्याबाहेरचा तांब्या

आजकाल कुठं काही आक्रीत घडलं, की माणसं टीव्हीवाल्यांच्या माईकसमोर येऊन एकच मागणी करतात, दिल्लीची चौकशी लावा. जिल्ह्याचे पोलीस नकोत, राज्याचे नकोत, केंद्राचं खातं पाहिजे. मी पाय वर घेऊन सोफ्यावर बसलेली असते. तोंडातल्या तोंडात म्हणते, लावा बाबांनो, लावा. आमच्या घरी लागली होती. चांगली लागली होती, त्यात खोट काढायला जागा नाही. सून आतून ओरडते, "आई, टीव्हीशी भांडू नका, बीपी वाढतंय तुमचं." मी भांडत नसते. मला फक्त एक शब्द आठवतो आणि तोंड कडू होतं. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, शब्दांचे अर्थ सांगायचाच पगार खाल्ला, पण तो शब्द फळ्यावर कधी लिहिला नाही. माफीचा साक्षीदार. यातला 'चा' षष्ठीचा. माफीचा आणि साक्षीदाराचा संबंध तो बरोबर दाखवतो. माफी कुणाची, हे मात्र सांगत नाही. आमच्या आईचं सगळं उरलेलं आयुष्य त्या न सांगितलेल्या गोष्टीपाशी अडकून पडलं.

आमचं गाव केदारखेड्याच्या पुढं, पूर्णेच्या काठाला. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पिठाची गिरणी होती आणि गिरणीला चिकटून आमच्या तीन खोल्या. इंजिनाच्या धुराड्यावर शिट्टी बसवलेली असायची, तिचा कुक-कुक आवाज शिवारात दूरवर जायचा. गिरणी चालू झाली हे गावाला सांगावं लागत नसे. बाया डोक्यावर डबे घेऊन निघायच्याच. आमच्या घरात सगळे मोठ्यानं बोलायचे, कारण पट्ट्याच्या फटफटीत हळू बोललेलं ऐकूच येत नसे. पाहुणे आले की त्यांना वाटायचं, या घरात भांडण चाललंय. आबांच्या भुवया, मिशा, कानाच्या पाळ्या कायम पांढऱ्या. शाळेतल्या पोरी मला चिडवायच्या, तुझा बाप जन्मताच म्हातारा झालाय. ज्वारी दळली की घराला एक वास यायचा, हरभरा दळला की दुसरा, आणि येसराचं दळण असलं की सगळी गल्ली शिंकत शिंकत आमच्या दाराशी यायची.

येसर म्हणजे आमच्या मराठवाड्याचा जीव. ज्वारी, बाजरी, डाळी आणि मसाला भाजून दळायचं, कोरडं पीठ डब्यात भरून ठेवायचं, आणि लागेल तेव्हा उकळत्या पाण्यात कालवून त्याची आमटी करायची. आई ते करायची आणि सुदामदादा गाडीवर घेऊन जायचा. दादा माझा थोरला भाऊ, जालन्याच्या एका मालकाकडं ट्रकवर ड्रायव्हर होता. लोखंडाच्या कारखान्यांतून सळई भरायची आणि परमुलखात पोचवायची. त्याच मालकाच्या दुसऱ्या गाडीवर किसन होता, पलीकडच्या वाडीतला. दोघांच्या गाड्या मागं-पुढं चालायच्या. रस्त्याच्या कडेला स्टो पेटवून दादा आमटी उकळायचा आणि किसन भाकरी चुरायचा. किसनाला आई नव्हती. जालन्याहून येताना तो आधी आमच्या घरी उतरायचा, मग वाडीला जायचा. आईला मावशी म्हणायचा. "मावशे, येसरात मिरची कमी पडून राह्यली बरं का," असं म्हणून वर आणखी दोन भाकरी खायचा. आई म्हणायची, "मेल्या, खाताना दिसली न्हाई का कमी?" मला तो केसाच्या पिना आणून द्यायचा. मला तो आवडायचा, हे लिहायला आज हात जड होतो, पण खरं ते खरं.

आमच्या गावातली एक रीत इथंच सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. एखाद्यानं दुसऱ्याचं वाईट केलं आणि त्याला माफी मागायची असली, तर त्यानं जायचं आणि त्या घराच्या उंबऱ्याबाहेर बसायचं. जे केलं ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं. घरातल्या माणसानं ऐकून घ्यायचं आणि भरलेला तांब्या आणायचा. पाणी दिलं तर माफी झाली, ते प्यायचं आणि उठायचं. द्यायची नसली तर तांब्या तिथंच त्याच्यासमोर पालथा घालायचा. कमी-जास्त बोलणं नाही, पंच नाहीत. एकदा आबांचा चुलतभाऊ पट्टा चोरल्याबद्दल असा येऊन बसला. आबांनी तावातावानं तांब्या पालथा घातला तो स्वतःच्याच धोतरावर. आई इतकी हसली की चुलतभाऊही हसला, आणि शेवटी त्याला चहा मिळाला. आईच्या मनात माफी म्हणजे ही एवढीच गोष्ट होती, उंबरा, तांब्या आणि तोंडानं सांगणं.

दादा एका खेपेला गेला तो परत आला नाही. किसन आला. त्याची गाडी वाटेत बिघडली होती म्हणे, दादा पुढं गेला होता, आणि पुढं ना गाडी सापडली ना माणूस. आमच्या अंगणात डोकं धरून किसन रडला. आबा त्याला घेऊन ठाण्यात गेले. जमादारानं पहिल्यांदा गाडीचा नंबर विचारला, मग माल काय होता ते, मग मालकाचं नाव. दादाचं नाव त्याला आबांनी न विचारता सांगितलं. जमादार म्हणाला, "गाडी कुठून गायब झाली? सरहद्दीपल्याड ना? मंग ती आमची हद्द न्हाई." आबा बसनं, रेल्वेनं पलीकडच्या राज्यात गेले. तिथला ठाणेदार म्हणाला, माल जहाँ से चला, रपट वहीं की. मधे एक नदी होती आणि तिच्यावर पूल. अर्धा पूल यांचा आणि अर्धा त्यांचा. माझा भाऊ त्या पुलाच्या कुठल्या अर्ध्यात हरवला हे आधी आबांनी शोधून आणावं, मग पोलीस त्याला शोधणार. मराठीत 'हद्द झाली' म्हणतात ते कशाला, हे मला तेव्हा समजलं.

या सगळ्या येरझारांत किसन आबांच्या बरोबर होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. ठाण्याच्या बाकावर तो आबांच्या शेजारी बसायचा, त्यांची पिशवी धरायचा, त्यांना चहा आणून द्यायचा. परत आला की आमच्या घरी जेवायचा. आईला घास गिळवत नव्हता, पण ती त्याला वाढायची, कारण हा सुदामाला शेवटचं बघितलेला माणूस होता. ती त्याला पुन्हा पुन्हा तेच विचारायची. "शेवटी काय म्हणला रं त्यो?" किसन ताटात बघून म्हणायचा, "काय न्हाई मावशी. चल येतो म्हणला." गिरणी बंद पडली होती. लोक शेजारच्या गावाला दळण न्यायला लागले. घरात हळू बोललेलंही ऐकू यायला लागलं आणि त्यामुळं आम्ही बोलणंच सोडलं.

दिल्लीची चौकशी आपोआप लागत नाही, टीव्हीवाले सांगत नाहीत ते हे. भोकरदनचा एक तरुण वकील होता, त्यानं आबांना विचारलं, तुमच्यासारखे आणखी कितीजण आहेत? आबा म्हणाले, मला काय ठाऊक? पण मग ते शोधायला लागले. अंबडकडचा एक ड्रायव्हर असाच गेला होता, विदर्भातले गेले होते, पलीकडच्या राज्यातलेही. प्रत्येकाच्या बापाला हद्दीचंच कारण मिळालेलं. वकिलानं त्या सगळ्यांना एकत्र करून वरच्या कोर्टात नेलं. कोर्ट म्हणालं, चोर हद्द पाळत नाहीत आणि पोलीस तेवढीच पाळतात, हे काम केंद्राच्या खात्याला द्या. आबांनी हे वाक्य घरी येऊन आम्हाला सांगितलं तेव्हा त्यांच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी रंग आला होता.

आणि खरंच ते आले. जीपमधून नव्हे, एसटीनं. थॉमस नावाचे साहेब होते, दक्षिणेकडचे, काटकुळे, हातात छत्री. बरोबर वऱ्हाडातला एक मराठी शिपाई. गावात बातमी फुटली की दिल्लीवाले आले. माणसं गिरणीसमोर गोळा झाली, त्यांना वाटलं होतं कुणीतरी धिप्पाड बंदूकवाला असेल. साहेब बंद इंजिनाशेजारच्या रिकाम्या पोत्यांवर बसले. त्यांची हिंदी मोडकी, आमची त्याहून मोडकी, पण मी शाळेत हिंदीत पहिली होते म्हणून आईनं मला मधे बसवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लड़का कैसा था?" आईला कळलं नाही असं नाही, तिला विश्वास बसला नाही. मी म्हटलं, "आई, दादा कसा होता विचारून राह्यलेत." तोवर एकाही पोलिसानं ते विचारलं नव्हतं. आई बोलायला लागली ती थांबेना. तो भात खायचा नाही, झोपेत हसायचा, गाडीला आधी पाणी दाखवून मग स्वतः प्यायचा. मी थोडं थोडं हिंदीत सांगत होते. साहेब मान हलवत होते. मला त्या माणसाबद्दल आजही वाईट लिहिता येणार नाही, आणि कडूपणाची खरी अडचण तीच आहे. आमच्यावर अन्याय करणारा माणूस वाईट असता तर मी सुटले असते.

दादाला त्यांनीच शोधून काढलं. पलीकडच्या ठाण्यानं एक बेवारस मयत कधीच पुरून टाकलं होतं. अंगावरच्या वस्तूंत एक करदोडा होता, त्याला पितळी चावी. थॉमस साहेबांनी ती चावी रुमालात बांधून आमच्याकडं आणली. आबा उठले, त्यांनी गिरणीच्या दाराला कुलूप घातलं आणि ती चावी त्यात फिरवली. कुलूप उघडलं. आबा दाराला धरून खाली बसले. आई माझ्या अंगावर कोसळली. साहेब छत्री हातात धरून उन्हात तसेच उभे राहिले, कारण सावलीत येऊन बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

पुढच्या वेळी साहेब आले ते किसनाबद्दल सांगायला. त्याला त्यांनी उचललं होतं आणि तो बोलला होता. महामार्गावर गाड्या मारणारी एक टोळी होती. तिला गाडी कधी निघते, कुणाच्या अंगात किती जोर आहे, झोपायला कुठं थांबतो, ही खबर आमच्या घरचं येसर जेवणारा किसन पुरवायचा. त्याची गाडी बिघडली नव्हती. आबा ओरडले, "जात्यात घालून भरडतो त्याला!" शिपायानं त्यांना धरलं. साहेब मात्र आईकडं बघून सावकाश बोलत होते, मी ते मराठीत सांगत होते, आणि आई भिंतीला टेकून बसली होती. टोळीतले बाकीचे मोठे होते, पैसेवाले होते, त्यांच्याविरुद्ध कुणी तोंड उघडेना. आतलाच माणूस उभा राहिला तरच ते अडकणार होते. म्हणून किसनाला ते अप्रूवर करणार होते. हा शब्द मला येत नव्हता. मी शिपायाकडं बघितलं. तो म्हणाला, "म्हंजे माफीचा साक्षीदार, आई."

आईनं मान वर केली. "माफीचा?"

"हो. माफी घेऊन साक्ष देणार तो."

"मंग येईल ना त्यो?"

शिपायाला वाटलं, कोर्टात येईल का असं विचारून राह्यली आहे. तो म्हणाला, "येईल म्हंजे! येणारच. त्याशिवाय माफी कशी होईल?"

आमच्या घरातल्या एकालाही यात वावगं दिसलं नाही. आबांना नाही, मला नाही, दिवसभर आमच्याच घरात वावरणाऱ्या शेजारणींना नाही. सरकारनं त्याला माफी मागायला लावली आहे, एवढाच त्याचा अर्थ आम्ही घेतला. मोठं खातं, मोठे साहेब, त्यांना रीत ठाऊक असणारच. साहेब गेल्यावर आबा म्हणाले, "उंबऱ्यापशी आला तर कुऱ्हाडच घालतो." आई म्हणाली, "आधी येऊ द्या त्याला. सुदाम शेवटी काय म्हणला ते त्याच्या तोंडून ऐकू द्या मला. खोटं बोलून जेवत व्हता इतके दिवस. आता खरं सांगू द्या. पाणी द्यायचं का तांब्या पालथा घालायचा, ते मी बघीन." तिनं तांब्याचा तांब्या चिंच लावून घासला, भरला आणि उंबऱ्याच्या आतल्या अंगाला ठेवला. दुसऱ्या दिवशी शिळं पाणी तुळशीला घालून पुन्हा भरला. भोकरदनची गाडी फाट्यावर थांबल्याचा आवाज आला की ती हातातलं काम ठेवून दारात यायची.

असा साक्षीदार तुरुंगातच ठेवतात, खटला संपेपर्यंत सोडत नाहीत, हे आम्हाला कोण सांगणार? आम्ही विचारलंही नाही. आई म्हणायची, लाज वाटत असंल, म्हणून येत न्हाई.

खटला संभाजीनगरला चालला, तेव्हाच्या औरंगाबादला. आम्ही तिघं पहाटेच्या एसटीनं गेलो. आईनं पिशवीत तांब्या घेतला होता, वर फडकं बांधून, पाण्यानं भरलेला. आबा म्हणाले, "तिथं नळ हाय ना." तिनं फडक्याची गाठ आणखी घट्ट केली. किसन इस्त्रीच्या शर्टात आला. अंगानं सुधारला होता. पिंजऱ्यात उभा राहून त्यानं सगळं सांगितलं, पण इतक्या हळू की मागच्या बाकापर्यंत ते पोचत नव्हतं. वकील इंग्रजीत बोलत होते, जज्जसाहेब इंग्रजीत लिहून घ्यायला सांगत होते, आईला त्यातलं काहीच समजत नव्हतं. मधेच कुणीतरी विचारलं, त्या दिवशी दोघं काय जेवलात? किसन म्हणाला, "येसर." वकिलानं पुन्हा विचारलं, काय? "येसर, साहेब. येसराची आमटी आन् भाकर." त्या सबंध दिवसात आईला समजलेला हा एक शब्द. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला.

जेवणाच्या सुट्टीत त्याला व्हरांड्यातून नेत होते. आई फडकं सोडत उठली आणि त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. किसनानं तिला बघितलं आणि मान खाली घातली. दोन पोलीस मधे आले. "बाई, बाजूला व्हा. साक्षीदाराशी बोलता येत न्हाई." आई म्हणाली, "मी न्हाई बोलत, त्यालाच बोलायचं हाय." त्यांनी तिला हातानं बाजूला सारलं, तांब्यातलं पाणी फरशीवर सांडलं, आणि किसन त्या ओल्या फरशीवरून पाय उचलून पुढं गेला.

थॉमस साहेब धावत आले. आईनं त्यांना धरलं, माझ्याकडं बघून म्हणाली, "इचार त्यांना. समदे म्हणून राह्यलेत किसनाला माफी झाली. कवा झाली? कुणी केली?" मी हिंदीत विचारलं. साहेब म्हणाले, "अदालत ने, माताजी." याला भाषांतर लागलं नाही. आई त्यांच्याकडं बघत राहिली आणि इतक्या साध्या आवाजात बोलली की जणू भाजीचा भाव विचारते आहे. "अदालतीचं लेकरू गेल्तं का?"

मी ते हिंदीत सांगितलं. मला सांगावंसं वाटत नव्हतं, पण मधे बसवलेल्या माणसानं सांगायचंच असतं. साहेबांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. मग मला म्हणाले, "माँ को बोलो, कानून में उनसे पूछने की जगह नहीं है।" मी आईला म्हटलं, "कायद्यात तुला विचारायला जागा न्हाई म्हणतात." आईनं रिकामा तांब्या फडक्यात बांधला आणि म्हणाली, "एवढा मोठा कायदा, आन् त्यात एका बाईपुरती जागा न्हाई?"

टोळीला जन्मठेप झाली. आमच्या भागातले ड्रायव्हर आबांना भेटायला आले, पेढे घेऊन. म्हणाले, रस्ता मोकळा झाला, आता बिनधास्त झोपता येतं. आणि ते खरं होतं. पुढं त्या रस्त्यावर असं काही ऐकू आलं नाही. किसनाला माफी दिली नसती तर टोळीवाले मोकळे सुटले असते आणि आणखी कितीजणांच्या आया तांबे भरून बसल्या असत्या, हेही मला समजतं. मी शिकलेली बाई आहे, मला सगळं समजतं. हद्दीच्या पलीकडं जाणारं खातं असावंच लागतं. नसतं, तर दादा त्या परक्या मातीत बेवारसच राहिला असता. कायद्यानं पुढच्यांना वाचवलं. जो आधीच गेला तो त्यांच्यासाठी पुरावा होता, आणि त्याची आई पुराव्याची आई. पेढे आईनंही खाल्ले. म्हणाली, "दुसऱ्यांची लेकरं घरी येतील, ब्येस झालं." मग तिनं उठून तांब्या भरला आणि उंबऱ्यापाशी ठेवला.

किसन सुटला. अंबडच्या रस्त्यावर टायर-पंक्चरचं दुकान टाकलं, लग्न केलं, हे सगळं आमच्यापर्यंत येत होतं. आबा एकदा म्हणाले, "तुला ऐकायचंच हाय ना त्याच्या तोंडून? चल, जाऊ तिकडं. बस जाती तिथून." आई खवळली. "मी जाऊ? माफी मागायला त्यानं यावं. मी काय माफी वाटत फिरू गावोगाव?" पुढं आबा गेले. गिरणी विजेवर गेली, मग दुसऱ्याची झाली. मी नोकरीला लागले, आईला जालन्याला घेऊन आले. फ्लॅटच्या दारातही ती तांब्या भरून ठेवायची. येणारे-जाणारे ठेचकाळायचे, माझे मिस्टर चिडायचे, पोरं हसायची. तिनं येसर मात्र पुन्हा कधी केलं नाही. कुणाच्या लग्नात ताटात वाढलं तर वाटी उचलून बाजूला ठेवायची. ती गेली त्या दिवशी सकाळीही तांब्या भरलेला होता. ते पाणी मी मोरीत ओतलं आणि तांब्या माळ्यावर टाकला.

तो आला ती गोष्ट अलीकडची आहे. दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर एक म्हातारा माणूस, धापा टाकत, जिन्याच्या कठड्याला धरून. मी ओळखलं नाही. तो आत आला नाही. चपलांच्या स्टँडशेजारी, उंबऱ्याबाहेर खाली बसला, आणि तो तसा बसला तेव्हा मी ओळखलं.

"शोभे," तो म्हणाला, "मी किसन. मावशी हाय का?"

मी म्हटलं, "गेली. कधीच गेली."

त्यानं डोळे मिटले. बराच वेळ त्याचा श्वास जागेवर येत नव्हता. मग म्हणाला, "पहिल्यानं साहेबांनी बंदी केल्ती, तुमच्या गावात जाऊ नको म्हणले. मंग बंदी उठली. मंग माझाच पाय उठंना. सरकारनं केलंय माफ, आता कशाला जायाचं, असं म्हणून म्हणून दिवस काढले. आता डॉक्टरनं हात वर केले." त्यानं जिभेनं ओठ ओले केले. "सुदाम शेवटी काय म्हणला, ते सांगतो तुला. मावशीला सांगायचं राहून गेल्तं. त्यो मला..."

"नको," मी म्हणाले.

तो थांबला.

"ते तिला सांगायचं होतं. मला नको सांगू. माझा काही हक्क नाही त्याच्यावर." माझा आवाज वर्गात चढायचा तसा चढला होता. शेजारच्यांनी दार किलकिलं केलं आणि पुन्हा लावलं. मला आजही कुणी म्हणेल, ऐकून घ्यायला हवं होतंस, तुझाच भाऊ होता. असेल. पण जे ऐकण्यासाठी आई आयुष्यभर दारात बसली, ते मी दुपारच्या झोपेतून उठून फुकटात ऐकावं, हे मला जमलं नसतं.

त्याला खोकला आला. मी आत गेले, पेला भरून आणला आणि त्याच्या हातात दिला. तो पेल्याकडं बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं तेव्हा मला कळलं की त्याचा गैरसमज होतो आहे.

"हे तहानेचं पाणी आहे, किसन," मी म्हटलं. "यात दुसरं काही नाही."

त्यानं ते पिऊन टाकलं. पेला खाली ठेवला. उठायला निघाला आणि अर्ध्यावर थांबला. "मावशीनं दिलं असतं का गं पाणी? का तांब्या पालथा घातला असता?"

खरं सांगायचं तर मलाही हे माहीत नाही. इतकी वर्षं तिच्याजवळ राहून मी तिला कधी विचारलं नाही, कारण ते तिनं त्याच्यासमोरच ठरवायचं होतं.

"आला असतास तर कळलं असतं," मी म्हणाले. "ती घरीच होती."